ॲनिमोन ओळखायचा तर आधी देठ बघा

प्रश्न पुण्याहून आला आहे. २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक, चालू होऊन तीन महिने झालेत. आत ऑसेलारिस जातीचे दोन क्लाउनफिश, म्हणजे ॲनिमोनच्या बोटांत राहणारे छोटे मासे. दुकानातून ‘सेबे’ म्हणून एक पांढराशुभ्र, जांभळ्या टोकांचा ॲनिमोन (समुद्रपुष्प, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) आणला. आठ दिवसांत त्याने तीन वेळा जागा बदलली, दुपारी तो आक्रसून मुठीएवढा होतो आणि मासे त्याच्याकडे फिरकत नाहीत. शिवाय दगडांवर बारीक तपकिरी ॲनिमोन दिसायला लागलेत. विचारलंय असं: हा नेमका कुठला ॲनिमोन, त्याला पिल्लं झालीत का, आणि याला जपायचं कसं?

फोटो नीट पाहिले. ज्या पांढऱ्या रंगासाठी तुम्ही तो घेतलात, तो रंगच त्याचा आजार आहे. म्हणून आधी रंगाबद्दल बोलू, मग ओळखीबद्दल. मी सतरा-अठरा वर्षं ठाण्यात लोकांच्या घरचे खाऱ्या पाण्याचे टँक लावून देतो आणि सांभाळतो. ॲनिमोन गेल्याचे जितके फोन मला आले, त्यातल्या बहुतेकांत प्राणी घरी येतानाच असा पांढरा होता, आणि घेणाऱ्याला कुणी ते सांगितलेलं नव्हतं.

ॲनिमोनच्या मांसात एकपेशीय शैवाल राहतं. त्याला झूझँथेली म्हणतात. हे शैवाल उजेडावर साखर बनवतं आणि ॲनिमोनचं पोट बहुतांशी त्यावर चालतं. शैवालाचा स्वतःचा रंग तपकिरी, त्यामुळे धडधाकट ॲनिमोन दिसायला तसा साधाच असतो: मळकट बदामी, चहाच्या रंगाचा, कधी हिरवट झाक असलेला. पाणी तापलं, दिवसच्या दिवस अंधाऱ्या पिशवीत प्रवास झाला, उपासमार झाली, की तो हे शैवाल बाहेर टाकतो. मग उरतं ते नुसतं पांढरं मांस आणि टोकांवरचा जांभळा रंग, कारण तो जांभळा त्याचा स्वतःचा असतो. तुमच्या ॲनिमोनचं तेच झालंय. घरात धान्य संपलंय आणि तो अंगावरच्या मांसावर दिवस काढतोय. जाता जाता एवढंही लक्षात ठेवा, की भडक लिंबू-पिवळा किंवा गुलाबी ॲनिमोन दिसला तर बऱ्याचदा तो असाच पांढरा पडलेला आणि वर रंग चढवलेला असतो. तो रंग काही आठवड्यांत उतरतो.

आता ओळख. बहुतेक लोक वरची बोटं बघून, म्हणजे ते हलणारे टेंटॅकल बघून, जात ठरवतात. तिथेच फसगत होते. बोटं उजेडाप्रमाणे, प्रवाहाप्रमाणे आणि भुकेप्रमाणे आकार बदलतात. ‘बबल टिप’ या जातीच्या बोटांना आज फुगे असतील, पुढच्या महिन्यात ती शेवयांसारखी लांब होतील. देठ आणि तळवा (ज्याने तो दगड धरून बसतो) मात्र इतक्या सहज बदलत नाहीत. निळे दिवे बंद करा, साध्या पांढऱ्या टॉर्चने बाजूने उजेड टाका आणि बोटांच्या खाली बघा. देठावर पुटकुळ्या आहेत का? तळवा वाळूत रुतलाय की दगडाच्या फटीत? बोटं दाट आहेत की विरळ? एवढ्या तीन गोष्टींवर निम्म्याहून जास्त गोंधळ मिटतो.

तुमच्या तिसऱ्या फोटोत देठाचा वरचा भाग दिसतोय. राखाडी, चामड्यासारखा जाड, आणि त्यावर ठळक पुटकुळ्या. त्या चिकट असतात, वाळूचे कण त्यांना धरून बसतात. तुमच्या फोटोतही चार-पाच कण अडकलेले दिसतात. बोटं दाट आणि टोकाकडे निमुळती. हा हेटेरॅक्टिस क्रिस्पा. बबल टिप असता तर देठ गुळगुळीत, एकही पुटकुळी नसलेला दिसला असता आणि तळवा दगडाच्या खोल फटीत कोंबलेला असता. क्रिस्पाशी सगळ्यात जास्त गल्लत होते ती ‘लाँग टेंटॅकल’ची. त्याची बोटं संख्येने कमी आणि बरीच लांब असतात, आणि देठाचा खालचा भाग केशरी ते लालभडक असतो. वाळूतून थोडा वर आला की तो लाल रंग लगेच कळतो. बोटं बोथट, जाड आणि देठ एकाच गडद रंगाचा, शिवाय प्राणी दगडाच्या शेंड्यावर चढून बसलेला, तर तो मॅग्निफिका. गालिच्यासारखी आखूड, दाट बोटं असली तर कार्पेट जाती. त्यातला हॅडोनाय वाळूत राहतो आणि मासे खातो, अगदी टँकमधला आवडता मासासुद्धा. मर्टेन्साय तर समुद्रात मीटरभराहून रुंद होतो, घरच्या टँकचा विषयच नाही. कॅरिबियन समुद्रातला काँडिलॅक्टिस दिसायला सुंदर आणि स्वस्त, पण निसर्गात क्लाउनफिश त्याच्यात राहत नाहीत, कारण त्या समुद्रात क्लाउनफिशच नाहीत. आणि नळीत राहणारा, बोटांची दोन वेगळी वर्तुळं असलेला ‘ट्यूब ॲनिमोन’ हा खरा ॲनिमोनच नाही. जगभरात क्लाउनफिशला घर देणाऱ्या ॲनिमोनच्या जाती दहाच मानल्या जातात.

‘सेबे’ या नावानेही बराच घोळ केलाय. सेबे नावाचा क्लाउनफिश आहे आणि निसर्गात तो हॅडोनाय कार्पेटमध्ये राहतो. बाजारात मात्र क्रिस्पालाच सेबे म्हणतात. त्यामुळे दुकानातल्या नावावरून काहीही ठरवू नका.

दगडांवरचे बारीक तपकिरी ॲनिमोन ही याची पिल्लं नाहीत. ते एप्टेझिया नावाचे वेगळे, तणासारखे पसरणारे ॲनिमोन. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर उंच, पारदर्शक तपकिरी, लांब बारीक बोटं, आणि स्ट्रॉ जवळ नेला तर क्षणात छिद्रात गडप. ते दगडाबरोबर किंवा कुठल्या तरी कोरलच्या (प्रवाळाच्या) तळाशी आले असणार आणि तुमच्या टँकमधल्या उरलेल्या खाण्यावर वाढले. चिमट्याने उपटू नका, ब्रशने घासू नका. तळव्याचा एवढासा तुकडा मागे राहिला तरी त्यातून नवा उभा राहतो. मी सुरुवातीच्या काळात एका टँकमध्ये सहा एप्टेझिया खरवडून काढले आणि दोन महिन्यांनी चाळीसच्या वर मोजले. आता मी चुन्याची पेस्ट वापरतो. कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे खायचा चुनाच, पण टपरीवरचा नाही. शुद्ध, खाद्य दर्जाची पूड. पाण्यात दाट कालवायची, सिरिंजमध्ये भरायची, पंप बंद करायचे आणि थेट त्याच्या तोंडावर हलकेच सोडायची. एका दिवशी तीन-चारच, कारण चुन्याने पाण्याचा पीएच चढतो. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा. पेपरमिंट श्रिंपही (टँकमध्ये पाळायची छोटी कोळंबी) एप्टेझिया खातात, पण विकताना त्यांच्या नावाखाली कॅमल श्रिंप देतात. पेपरमिंटच्या अंगावर बारीक लाल रेषा असतात. कॅमलच्या अंगावर ठळक लाल-पांढरी नक्षी, पाठीला कुबड आणि मोठे डोळे असतात, आणि तो कोरल कुरतडतो. श्रिंप आणलेत तर एक त्रास होईल: ते तुमच्या अशक्त ॲनिमोनच्या तोंडातला घास पळवतील. म्हणून तुमच्या बाबतीत सध्या चुनाच बरा.

आता काळजी. इथे मला मोकळेपणाने सांगायला हवं की पुढचं सगळं तुमच्या टँकवर अवलंबून आहे आणि तीन महिन्यांचा टँक ॲनिमोनसाठी फार कोवळा. मी स्वतः नऊ-दहा महिने झाल्याशिवाय कुणाच्याही टँकमध्ये ॲनिमोन ठेवत नाही. नव्या टँकमध्ये अमोनिया शून्य आला म्हणजे पाणी स्थिरावलं असं होत नाही. खारटपणा, क्षारता, नायट्रेट अजून आठवड्याला वर-खाली होत असतात, आणि ॲनिमोनला नेमकं तेच सोसत नाही. तुमच्या ओळखीत कुणाकडे वर्ष-दोन वर्षांचा, चांगल्या उजेडाचा रीफ टँक (कोरलचा टँक) असेल तर त्यांच्याकडे हा सहा महिने ठेवायला द्या. माझी पहिली पसंती हीच. दुकानात परत दिलात तर तो दुसऱ्या कुणाच्या तितक्याच नव्या टँकमध्ये जाईल. दोन्ही शक्य नसेल तर आहे तिथेच जगवायचा प्रयत्न करू. माझ्याकडे असा पांढरा क्रिस्पा पूर्ण बदामी व्हायला पाच महिने लागले होते. दुसरा एक सातव्या आठवड्यात गेला. दोघांची काळजी सारखीच घेतली होती, येतानाची ताकद वेगळी होती.

सगळ्यात आधी पाणी. खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास, आणि तो रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे पाण्याच्या थेंबातून उजेड किती वळतो त्यावरून खारटपणा दाखवणाऱ्या यंत्राने, मोजलेला हवा. काटा हलणाऱ्या स्वस्त हायड्रोमीटरवर भरवसा ठेवू नका, काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, मीठ मागे राहतं. तुमच्या टँकमधून उन्हाळ्यात पंखा लावल्यावर रोज तीनेक लिटर सहज उडत असेल. आठवडाभर भर घातली नाही तर ३५ चा खारटपणा ३९ पर्यंत जातो. म्हणून रोज, ठरल्या वेळी, गोडं पाणी घालायचं. क्षारता ८ ते ९ डीकेएच (क्षारतेचं एकक), कॅल्शियम ४२० पीपीएमच्या आसपास, नायट्रेट ५ ते १५ पीपीएम. नायट्रेट अगदी शून्यही नको.

गोडं पाणी कुठलं, हे मी प्रत्येकाला विचारतो. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालत नाही. त्यात बऱ्याचदा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, जो चवीसाठी थोडं कच्चं पाणी मुद्दाम परत मिसळतो. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर त्याबरोबर काय काय येतं त्याचा नेम नाही. कंट्रोलर बंद करून पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा, डबा जोडा आणि टीडीएस मीटरवर शून्य आल्याशिवाय ते पाणी टँकमध्ये घालू नका.

आणि तांबं. एका घरी तीन वर्षं सुरेख फुललेला बबल टिप आठ दिवसांत मिटला. आधी श्रिंप गेले, मग गोगलगाई. पाण्याचे सगळे आकडे बरोबर. मी तासभर बसून होतो, आणि माझ्यासमोर घरातल्या आजींनी रात्रभर भरून ठेवलेल्या तांब्याच्या कळशीतलं पाणी टँकमध्ये ओतलं. माणसांना चांगलं म्हणून माशांनाही चांगलं, इतक्या मायेने त्या महिनाभर ते करत होत्या. तांब्याची चाचणी केली, रंग लगेच उमटला. मासे त्या मात्रेत तग धरतात, बिनकण्याचे प्राणी धरत नाहीत. पाणी बदलून आणि तांबं शोषणारं रेझिन लावून टँक वाचला, ॲनिमोन नाही वाचला. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या औषधांतही बऱ्याचदा तांबं असतं. ते ॲनिमोनच्या टँकमध्ये कधीच नको.

तापमान २५ ते २७ अंश. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पंख्याने दोन-तीन अंश उतरतात आणि बहुधा भागतं. मुंबई-कोकणात, आणि पावसाळ्यात कुठेही, हवेत ओल असल्याने पंखा कमी पडतो, तिथे चिलर लागतो. वीज जात असेल तर बॅटरीवरचा एअर पंप आणून ठेवा.

क्रिस्पाला वाळू हवी, तीन-चार इंच, आणि वाळूखाली तळवा रोवायला घट्ट काही तरी. तुमच्या टँकमध्ये वाळूचा थर इंचभरच दिसतोय, म्हणून तो भटकतोय. एका कोपऱ्यात दगडाच्या बुंध्याशी वाळूचा ढीग करा, खड्डा करून त्यात त्याला सोडा आणि वर जाळीची प्लॅस्टिकची टोपली उपडी ठेवा. तीन-चार दिवसांत तो धरतो. वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह करणारा पंखा) आणि पंपाच्या तोंडाला आजच स्पंज किंवा जाळी बसवा. भटका ॲनिमोन पंपात अडकून फाटला की नुसता तो जात नाही, रात्रीतून पाणी नासून मासेही जातात. आणि चिकटलेला ॲनिमोन कधी ओढून काढू नका. तळवा फाटला की जखम भरणं अवघड. हलवायचाच असेल तर दगडासकट हलवा.

उजेडाची घाई करू नका. शैवाल गेलेल्या अंगावर एकदम पूर्ण उजेड पडला तर आणखी इजा होते. दिवे ३०-४० टक्क्यांवर ठेवा आणि आठवड्याला पाच टक्के वाढवा. रंग परतायला लागला की पहिली बदामी झाक बहुधा बोटांच्या बुडाशी दिसते. दर रविवारी त्याच टॉर्चने, त्याच कोनातून एक फोटो काढून ठेवा. रोज बघणाऱ्या डोळ्यांना तो फरक कळत नाही.

शैवाल नाही तोवर त्याला हाताने भरवावं लागेल. मासळीबाजारातली ताजी कोळंबी आणा, हळद-मीठ न लावलेली. सोला, आरओच्या पाण्यात धुवा आणि तुरीच्या डाळीएवढे तुकडे करा. धडधाकट ॲनिमोन बोटभर तुकडा ओढतो, अशक्त ॲनिमोन तो रात्री ओकून टाकतो आणि उलट दमतो. पंप बंद करा, लांब चिमट्याने तुकडा तोंडाजवळच्या बोटांवर ठेवा आणि वाट बघा. त्याला भूक असेल तर जवळची बोटं आखडून आत वाकतात, बोटं असलेल्या वरच्या थाळीची कड हळूहळू वर दुमडते, मधलं तोंड चिरेसारखं उघडतं आणि दहा-पंधरा मिनिटांत तुकडा दिसेनासा होतो. बोटांनी तुकडा धरलाच नाही तर जबरदस्ती नको, तुकडा काढून घ्या आणि दोन दिवसांनी पुन्हा द्या. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. रंग परतला की आठवड्यातून एकदा.

दुपारी आक्रसतो म्हणून घाबरू नका. ॲनिमोनला खाण्याचं आणि टाकण्याचं तोंड एकच. जुनं पाणी आणि मळ बाहेर काढताना तो फुगा उतरल्यासारखा होतो आणि काही तासांत पुन्हा फुलतो. तपकिरी, चिकट गोळी बाहेर पडलेली दिसली तर ती त्याची विष्ठा. काळजीची खूण वेगळी आहे: तोंड सताड उघडं राहून आतलं मांस बाहेर लोंबणं, तळवा कशालाच न धरणं, बोटं गळून पाण्यात धागे तरंगणं आणि नाकाला कुजका वास. असं एक अख्खा दिवस राहिलं तर पाण्याखालीच वाडग्यात घेऊन त्याला बाहेर काढा आणि निदान तीस टक्के पाणी लगेच बदला. काही जण सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक देतात. नव्याने आलेल्या कार्पेट आणि मॅग्निफिकाला त्याचा गुण येताना मी पाहिलाय, पण वेगळ्या टँकमध्ये, रोज पाणी बदलून. तुमच्या मुख्य टँकमध्ये ते घातलंत तर पाणी शुद्ध ठेवणारे जीवाणूही मरतील. शिवाय तुमच्या ॲनिमोनचं दुखणं उपासमारीचं आहे.

क्लाउनफिश जवळ जात नाहीत, हे सध्या चांगलंच आहे. ऑसेलारिस निसर्गात मॅग्निफिका, जायगँटिया आणि मर्टेन्साय या तीन जातींत राहतात, क्रिस्पात नाही. तुमचे मासे बहुधा हॅचरीत जन्मलेले, त्यांनी आयुष्यात ॲनिमोन पाहिलेलाच नसेल. पुढे कधी ते त्यात शिरतीलही, टँकमध्ये ऑसेलारिस बबल टिपसुद्धा स्वीकारतात. पण आज या अशक्त जिवाला त्यांच्या अंग घासण्याचा त्रासच झाला असता. क्लाउनफिशला जगायला ॲनिमोन लागत नाही. तुमच्याकडे ते निवांत राहतील.

तुम्ही शेवटी विचारलंत की कोकणातल्या किनाऱ्यावरून एखादा आणला तर चालेल का. नका आणू. तिथले ॲनिमोन, म्हणजे आपली समुद्रपुष्पं, ओहोटीला उघडे पडणारे, पावसाळ्यात गोड्या पाण्याचा मारा सोसणारे. त्यांचं दिवसाचं चक्र भरती-ओहोटीवर चालतं, टँकमध्ये ते कुढत जातात. गोव्याच्या नावावरून ओळखली जाणारी बुनोडोसोमा गोअनेन्स ही जात १९९३ मध्ये नोंदवली गेली, इतकी आपल्या किनाऱ्याची ओळख अजून ताजी आहे. त्यापेक्षा ओहोटीच्या वेळी मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर जा, डबक्यापाशी उकिडवे बसा आणि बघा. मिटलेला ॲनिमोन ओल्या, मऊ गोळ्यासारखा दिसतो. बोटं सगळी आत, बाहेर फक्त देठ. देठावरून ओळखायचा सराव तिथे फुकट होतो. तीच गोष्ट ‘लाइव्ह रॉक’ची, म्हणजे समुद्रातून जीवांसकट काढलेल्या दगडाची: आपल्याकडे कठीण कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, तेव्हा इथल्या समुद्रातून फोडून आणलेला दगड घेऊ नका. कोरडा किंवा सिरॅमिकचा दगड घ्या. त्यातून एप्टेझियाही येत नाहीत.

एवढा आटापिटा एका ॲनिमोनसाठी का, असं घरचे विचारतील. स्कॉटलंडमध्ये जॉन डॅलिएल यांनी १८२८ मध्ये किनाऱ्यावरून आणलेला एक ॲनिमोन काचेच्या भांड्यात १८८७ पर्यंत जगला. डॅलिएल १८५१ मध्ये गेले, त्यांच्यामागे दुसऱ्यांनी तो सांभाळला. तो वेगळ्या जातीचा, थंड पाण्यातला. पण हे प्राणी किती जगू शकतात, हे त्यावरून कळतं. तुमचा क्रिस्पा नीट सावरला तर तुमच्या टँकहून जास्त टिकेल.

आज रात्री दोनच कामं करा: पंपाला स्पंज, आणि खारटपणा मोजून तो आकडा मला कळवा. वाळूचा ढीग उद्या केलात तरी चालेल. आणि तो वाळूत रुतायच्या आधी तळव्याचा एक फोटो हवाय, पांढऱ्या उजेडात, बाजूने. तळवा अखंड असेल तर पुढचा खाण्याचा आणि उजेडाचा हिशोब मी लिहून देतो. फाटलेला असेल तर आधी त्याबद्दल बोलू.